मनोविश्लेषण आणि देवधर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मनोविश्लेषणाच्या पद्धतीने थेरपी करते. फी किती, वेळ कोणती, यापेक्षा देवाबद्दलचे प्रश्न मला जास्त येतात. सत्रात येतात, ईमेलवर येतात, व्याख्यानानंतर चिठ्ठीवरही येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली माणसे कुणी एक खरी व्यक्ती नाहीत, अनेकांच्या सांगण्यातले धागे जोडून ती उभी केली आहेत.

१. मनोविश्लेषण म्हणजे समुपदेशनच ना? त्यात धर्म येतो कुठे?

समुपदेशनात बहुधा समोरची एक अडचण घेऊन तिच्यावर मार्ग शोधतात. मनोविश्लेषण संथ चालते. मनात येईल ते गाळून न टाकता बोलायचे. थेरपिस्ट ऐकतो, आणि जे तुमच्याच ध्यानात आलेले नव्हते ते दोघे मिळून हळूहळू शब्दांत आणता. मूळ पद्धतीत आठवड्यातून चार-पाच वेळा, कोचावर पडून, सुमारे ५० मिनिटांचे सत्र असते. बदलापूर किंवा विरारहून लोकल पकडून येणाऱ्याला हे कसे जमणार? म्हणून इथे बहुतेक जण आठवड्यातून एक-दोनदा, समोरासमोर बसून, याच विचारावर आधारलेली थेरपी घेतात.

धर्म मुद्दाम आणावा लागत नाही. येईल ते बोला म्हटले की आजीचे देवघर, शाळेतली प्रार्थना, वडिलांचे बोट धरून पाहिलेली पहिली ईदची नमाज, राहून गेलेला नवस हे सगळे आपसूक येते.

२. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड नास्तिक होता. त्याच्या पद्धतीने उपचार घेतले तर माझी श्रद्धा जाईल का?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो विचारताना माणसाचा आवाज खाली येतो, म्हणून मी तो गंभीरपणे घेते.

देव आहे की नाही, हे ठरवण्याचे कोणतेही साधन मनोविश्लेषणाकडे नाही. तुमच्या मनात देव काय करतो, कुणाच्या आवाजात बोलतो, कधी जवळ असतो आणि कधी पाठ फिरवतो, एवढेच ते पाहू शकते. खुद्द फ्रॉइडने १९०९ मध्ये ऑस्कर फिस्टर या झुरिकच्या पाद्र्याला लिहिले होते की मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि धर्मविरोधीही नाही. दुःखी माणसासाठी पाद्री आणि सामान्य माणूस दोघेही वापरू शकतील असे ते तटस्थ साधन आहे. फिस्टर स्वतः मनोविश्लेषक झाला, पाद्रीही राहिला, आणि दोघांचा पत्रव्यवहार फ्रॉइडच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालू होता.

श्रद्धा बदलणारच नाही, अशी हमी मात्र मी देत नाही. काहींची सैल होते, काहींची भीती गळून पडते आणि श्रद्धा उरते, तर काही जण कित्येक वर्षांनी पुन्हा देवळात जाऊ लागतात. कोणत्या दिशेने जायचे हे थेरपिस्टने ठरवायचे नसते. तो तसे ठरवू पाहत असेल, तर प्रश्न ७ वाचा.

३. मग फ्रॉइडने धर्माबद्दल नेमके म्हटले तरी काय?

त्याने या विषयावर आयुष्यभर लिहिले. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१९०७ च्या एका लेखात त्याने पूजाविधी आणि मंत्रचळ झालेल्या माणसाच्या कृती यांतले साम्य दाखवले. दोन्हींत क्रम चुकला तर जीव घाबरतो, दोन्ही पार पडले की थोडा वेळ शांतता मिळते. त्याच लेखात त्याने फरकही नोंदवला आहे. विधी चारचौघांत होतो, सगळ्यांसाठी सारखा असतो आणि त्याचा अर्थ लोकांना ठाऊक असतो. रुग्णाचा ‘विधी’ खासगी असतो आणि दुसऱ्याला निरर्थक वाटतो. टीकाकार आणि भक्त दोघेही लेखाचा हा भाग सोडून देतात, आणि मला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

१९२७ मध्ये त्याने धर्मश्रद्धेला इच्छेतून जन्मलेली समजूत म्हटले. निसर्गापुढे आणि मृत्यूपुढे माणूस लहान मुलासारखा असहाय असतो, म्हणून तो आकाशात बाप शोधतो. पण अशी समजूत खोटीच असली पाहिजे असे त्याचे म्हणणे नव्हते. त्याने उदाहरण दिले ते मध्यमवर्गीय मुलीचे: राजपुत्र येऊन आपल्याशी लग्न करेल असे तिला वाटते. ते अशक्य नाही, क्वचित घडतेही. पण तिला ते वाटते याचे कारण तिची इच्छा आहे. दुसऱ्याच वर्षी फिस्टरने त्याला जाहीर उत्तर लिहिले आणि मैत्री टिकली.

तिसरी गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाची. रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाने त्याला कळवले की धर्माचे मूळ बापाच्या गरजेत नसून अथांगाशी एकरूप होण्याच्या अनुभवात आहे. रोलाँ त्या काळात रामकृष्ण आणि विवेकानंदांचा अभ्यास करत होता. फ्रॉइडने १९३० मध्ये लिहिले की ही भावना मला स्वतःमध्ये सापडत नाही. तरीही त्याने ती झटकली नाही. आई वेगळी आणि मी वेगळा हे कळण्याआधीच्या तान्हेपणाशी त्याने तिचा धागा जोडला.

४. ‘देव म्हणजे बाप’ हे आपल्याकडे कसे लागू पडेल? आपण तर विठ्ठलाला माउली म्हणतो.

नुसते उचलून लावले तर पडतच नाही. हा आक्षेप सर्वांत आधी घेणाऱ्यांमध्ये एक भारतीय होता. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. १९२९ मध्ये त्यांनी फ्रॉइडला कळवले की माझ्या भारतीय रुग्णांच्या मनातली आई पुष्कळदा आई आणि बाप दोघांची मिळून एक असते, आणि मातृदेवतेच्या पूजेमागची बरीच प्रेरणा तिथून येत असावी. फ्रॉइडला हे पूर्ण पटले नाही, तरी त्यांची पत्रे चालू राहिली. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून हस्तिदंताची विष्णुमूर्ती गेली, आणि ती त्याच्या टेबलावर राहिली.

माझ्या कामात मला बोसांचे म्हणणे रोज उपयोगी पडते. वारकरी घरातला माणूस ‘माउली’ म्हणतो तेव्हा शिक्षेची भीती क्वचित असते. असते ती आपण विसरले जाऊ ही धास्ती. आईने शेतावर जाताना दिवसभर शेजारणीकडे ठेवले, गिरणीच्या पाळीमुळे बाप दिसलाच नाही, आणि विटेवरचा तो मात्र जागचा हलत नाही. अशा माणसाला ‘तुमचा देव म्हणजे तुमचे कडक वडील’ असे सांगणे म्हणजे त्याचे न ऐकणे.

५. युंग तर धार्मिक होता ना? मग त्याच्या पद्धतीचा थेरपिस्ट शोधू का?

फ्रॉइडचा एके काळचा सहकारी, स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग याला धर्म हा आजार वाटला नाही. १९३२ मध्ये त्याने म्हटले की पस्तिशी ओलांडलेल्या माझ्या रुग्णांत एकही असा नाही, ज्याचा अखेरचा प्रश्न आयुष्याकडे धार्मिक दृष्टीने पाहण्याचा नव्हता. १९३७-३८ मध्ये तो भारतात येऊन गेला आणि मुंबईबद्दलही त्याने लिहिले. पण तो ज्याबद्दल बोलत होता तो ‘देव’ मनाच्या तळाशी असलेली प्रतिमा होती. भाविकाला हे पुरेल असे नाही.

थेरपिस्ट निवडताना पंथाचे नाव दुय्यम समजा. दोन सत्रांनंतर आपण मोकळे बोलू शकतो का, हे पाहा.

६. फ्रॉइडनंतर विचार पुढे गेला की तिथेच थांबला?

बराच पुढे गेला. इंग्लंडमधल्या डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने लहान मुलाच्या मळकट गोधडीकडे पाहिले. ही गोधडी मुलाने स्वतः निर्माण केली की त्याला बाहेरून मिळाली, हा प्रश्न कुणी त्याला विचारत नाही, विचारूही नये. आतल्या आणि बाहेरच्या जगांमधली ही जागा मोठेपणी खेळ, कला आणि धर्म यांच्या रूपात टिकते, असे त्याने मांडले. इथे धर्म हे आजाराचे लक्षण राहिलेच नाही.

ॲना-मारिया रिझुटो या विश्लेषिकेने १९७९ मध्ये दाखवले की मूल देवाची प्रतिमा एकट्या बापावरून घडवत नाही. आई, आजी, घरातले भांडण, ऐकलेल्या गोष्टी, सगळ्यांचे तुकडे तिच्यात असतात, आणि ती आयुष्यभर दुरुस्त होत राहते. मला हे फार मोलाचे वाटते. नोकरी गेल्यावर, मूल झाल्यावर, आई गेल्यावर तुमचा देव तोच राहिला का? सत्रात हा प्रश्न विचारला की लोक क्षणभर गप्प होतात आणि मग बराच वेळ बोलतात.

७. मी मुसलमान आहे, थेरपिस्ट हिंदू आहे. (किंवा: मी भाविक आहे, ती नास्तिक आहे.) चालेल का?

चालते, पण ती गोष्ट टेबलावर ठेवावी लागते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर या शहरात कोण कुठे राहतो, घर कुणाला मिळते, कुठल्या नावाने ओळख करून द्यायची, हे सगळे बदलले. त्यामुळे ‘ही माझे ऐकून मनात काय म्हणेल?’ हा संशय अगदी रास्त आहे. पहिल्याच सत्रात विचारा. ‘माझ्या धर्माबद्दल तुम्हाला काय वाटते?’ हा उद्धट प्रश्न नव्हे. चांगला थेरपिस्ट त्यावर चिडत नाही, स्वतःचे प्रवचनही देत नाही. हे विचारावेसे का वाटले, याकडे तुमच्यासोबत पाहतो. रमजानमध्ये सत्राची वेळ बदलून मागण्यात संकोच नको.

थेरपिस्ट पूजा करायला सांगत असेल, कुंडली मागत असेल, किंवा उलट उपवास आणि नमाज यांची थट्टा करत असेल, तर दोन्ही बाबतींत तो आपली जागा सोडून वागतो आहे. त्याला तसे सांगा. फरक पडला नाही तर थेरपिस्ट बदला.

कायदाही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार धार्मिक गटाचे सदस्यत्व, किंवा समाजात रूढ असलेल्या धार्मिक समजुती न मानणे, एवढ्यावरून कुणालाही मानसिक आजारी ठरवता येत नाही. उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्कही त्याच कायद्याने दिला आहे.

८. जप, सोवळे-ओवळे, पुन्हा पुन्हा हात धुणे… ही भक्ती की आजार?

इथे थोडे थांबून बोलते, कारण यात माणसे वर्षानुवर्षे एकटी कुढतात.

समजा, एक बाई रोज डोंबिवलीहून दादरला येते. गाडीत बसल्यावर १०८ वेळा नाम घ्यायचे, हा तिच्या सासूकडून आलेला नेम. सुरुवातीला त्यात तिला गोडी होती. मग एक दिवस कुर्ल्याला कुणाचा तरी धक्का लागला आणि मोजणी चुकली. तिने पहिल्यापासून सुरुवात केली. काही दिवसांनी नाम घेताना मनात घाणेरडा शब्द आला. त्याचे परिमार्जन म्हणून आणखी एक माळ. आता ती दादरला उतरत नाही. माळ पुरी होईपर्यंत पुढे जाते आणि परतीची गाडी पकडते. ऑफिसात ‘गाडी लेट होती’ म्हणून सांगते.

सासूचा जप आणि सुनेचा जप बाहेरून सारखाच दिसतो. सासूचा जप चुकला तर ती ‘देवा, माफ कर’ म्हणून पुढे सरकते. सुनेचा देव माफच करत नाही. प्रश्न ३ मधला फ्रॉइडचा फरक इथे कामी येतो: परंपरेतल्या विधीला शेवट असतो, माफी असते, आणि चुकले तर काय करायचे हेही लिहिलेले असते. आजारात यांतले काहीच नसते. मी लोकांना विचारते, ‘तुमच्याच धर्मातला जाणता माणूस एवढे करायला सांगेल का?’ उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असते.

हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळाचा आजार, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. दिवसाचा तास-दीड तास यात जात असेल, काम किंवा घर अडत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. औषधे आणि वर्तनाधारित थेरपी यांचा त्यात चांगला उपयोग होतो, हे मनोविश्लेषण करणाऱ्यांनी स्पष्टपणे सांगायला हवे. तो घाणेरडा शब्द नेमका कुणासाठी होता, सासूविषयीचा राग बोलायला या घरात जागा होती का, हे आम्ही नंतर, सवडीने ऐकतो. नाम सोडायला कुणी सांगत नाही.

९. आत्याच्या अंगात येते. तिला डॉक्टरकडे न्यावे का?

आधी पाहा: कधी येते, कुठे येते, आणि ओसरल्यावर ती कशी असते? नवरात्रात, आरतीच्या वेळी, जाणकारांच्या समोर आले आणि ओसरल्यावर ती शांतपणे चहा घेत असेल, तर तो तिच्या समाजाने मानलेला अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणातही समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेले अंगात येणे हा आजार धरलेला नाही. ते नको असताना, कुठेही, आवरता न येता येत असेल, आणि त्याने ती खचत असेल, तर दाखवा. शुद्ध हरपणे, जीभ चावली जाणे, झटके येणे असे असेल तर फिट्सची तपासणी आधी.

मनोविश्लेषक म्हणून माझा कान वेगळीकडे असतो. अंगात आल्यावर ती काय बोलते? एरवी जिचे कुणी ऐकत नाही, तिच्यापुढे देवी आल्यावर भाऊ-भावजया हात जोडून उभ्या राहतात. ती मागते काय: साडी, मान, माहेरचा वाटा? घरच्यांनी ते इतर दिवशीही ऐकायला हवे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कीर्तन, भजन, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही.

१०. आईने माझ्यासाठी नवस बोलला होता. फेडायचा राहिला आणि ती गेली. आता घरात काहीही बिघडले की तेच आठवते.

फेडावासा वाटतो तर फेडा. त्यासाठी थेरपिस्टची परवानगी लागत नाही. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत गेलात तर मेणाचे हात, पाय, घरे, बाहुल्या घेऊन सगळ्या धर्मांचे लोक रांगेत दिसतील. दुखणे हातात धरता येईल अशा वस्तूत आणून कुठेतरी ठेवून येण्याची माणसाची गरज जुनी आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे.

नवस फेडल्यावर मन हलके झाले तर उत्तमच. भीती तिथून उठून दुसऱ्या गोष्टीवर जाऊन बसली, म्हणजे आता श्राद्धात काही चुकले असेल, वास्तूत दोष असेल, तर समजा की मूळ ओझे नवसाचे नव्हते. आई आजारी असताना आपण कंटाळलो होतो, ‘सुटली एकदाची’ असा विचार मनात येऊन गेला होता, हे बहुतेकांना कुणापाशी बोलता येत नाही. ज्याच्यावर जिवापाड प्रेम असते त्याचाच राग येतो, आणि माणूस गेल्यावर तो राग शिक्षेच्या रूपाने आपल्याकडे परत येतो. मग आईच्या जागी देवी रागावलेली दिसते. हे कुणीतरी न दचकता ऐकले, की बरेच हलके होते.

११. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात देवच नाही. मग हे सगळे आम्हाला लागूच नाही का?

फ्रॉइडच्या डोळ्यांसमोर मुख्यतः यहुदी आणि ख्रिस्ती धर्म होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लोकांसह जो धम्म स्वीकारला, त्यात सांभाळणारा आणि शिक्षा करणारा देव मुळातच नाही. त्यामुळे देव-बापाचे सूत्र इथे ओढूनताणून लावू नये.

पण माणूस आदर्श मनात धरतोच, आणि आदर्शाचेही ओझे होते. ‘बाबासाहेब किती हालात शिकले, आणि मला सगळे मिळूनही माझा विषय राहिला.’ कॉलेजात जाणाऱ्या घरातल्या पहिल्या पिढीकडून मी अशा अर्थाचे बोलणे ऐकते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभे राहताना डोळे भरून येतात, त्यात कृतज्ञता असते आणि कधी कधी लाजही. थेरपीत या दोन्ही भावना वेगळ्या करून पाहता येतात.

थेरपिस्टांना एक सांगते. जातीमुळे झालेला अपमान बाहेरच्या जगात खरोखर झालेला असतो. त्यावरचा राग ‘वडिलांवरचा जुना राग’ म्हणून बालपणात ढकलू नका.

१२. महाराज म्हणाले, गोळ्या बंद करा, नामस्मरण पुरेसे आहे. काय करू?

गोळ्या बंद करू नका. नामस्मरण चालू ठेवा. औषध कमी-जास्त करण्याचा निर्णय फक्त तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाचा. मार्ग सुचत नसेल, मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

१३. आईशी देव बोलतो. ती आयुष्यभर भाविक होती, मग आता काळजी का करू?

‘देव माझ्याशी बोलतो’ हे भाविक माणूस सहज म्हणतो, आणि पुष्कळदा त्याला अंतर्मनातली जाणीव अभिप्रेत असते. काळजी करावी ती बदल झाल्यावर. आवाज बाहेरून कानांवर येतो आहे, तो हुकूम सोडतो आहे, आई जेवण टाकते आहे, रात्ररात्र जागते आहे, तिच्या भजनी मंडळातल्या बायकांनाही तिचे बोलणे वेगळे वाटते आहे, असे असेल तर लवकर डॉक्टरकडे न्या. मंडळातल्या त्या बायकांचे मत जरूर घ्या, भक्ती कुठे संपली हे त्यांना आपल्याआधी कळते. म्हातारपणी असे अचानक सुरू झाले तर शारीरिक कारणही असू शकते, म्हणून आधी फिजिशियन.

१४. मी नास्तिक आहे, पण आयसीयूच्या बाहेर हात आपोआप जोडले गेले. मी ढोंगी आहे का?

नाही. लहानपणी शिकलेली असहायतेची भाषा विचार बदलल्याने पुसली जात नाही. त्या क्षणी तुम्ही कुणाला हाक मारत होता, हे मात्र बोलण्यासारखे आहे. पुष्कळदा ती हाक देवाच्याही आधी, हयात नसलेल्या आपल्या कुणा माणसाला असते.

१५. मला थेरपिस्टच गुरू वाटू लागला आहे. त्याच्या शब्दाबाहेर जाववत नाही. हे बरोबर आहे का?

असे होणे अपेक्षित असते. आई-वडील, शिक्षक, देव यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने आपण थेरपिस्टकडे पाहू लागतो. मनोविश्लेषणाचे बरेचसे काम याच नजरेवर चालते. गुरुपरंपरेत ती शरणागती साधना म्हणून जपली जाते आणि तिथे तिला तिचा अर्थ आहे. इथे ती जपायची नसते, तिच्याबद्दल बोलायचे असते. पुढच्या सत्रात हेच वाक्य, जसे मला लिहिले तसे, त्याला म्हणून दाखवा.

त्याने ते शांतपणे ऐकले आणि कुतूहलाने पुढे नेले, तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. त्याला ते सुखावले, त्याने सल्ल्यांचा सपाटा लावला, लग्न-नोकरीचे निर्णय तुमच्या वतीने घेऊ लागला, सत्राबाहेर भेटायला बोलावू लागला, फीव्यतिरिक्त पैसे किंवा सेवा मागू लागला, तर थेरपी थांबवा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. जाण्याआधी त्याची पात्रता विचारून घ्या: मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी असलेला डॉक्टर असतो, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘मनोविश्लेषक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून प्रशिक्षण कुठे झाले, आणि स्वतःचे विश्लेषण करून घेतले आहे का, हे दोन प्रश्न न संकोचता विचारा.